कपाटातले ४३ टॉर्च कुणाला द्यायचे?

प्रश्न: एका वाचकांना टॉर्च जमवण्याचा छंद आहे. आठ-नऊ वर्षांत ४३ टॉर्च, ११ हेडलॅम्प आणि साधारण ६० सुटे लिथियम सेल जमले. त्यातले निम्मे सेल जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडून काढलेले आहेत. मध्यंतरी बातम्यांत एक दृश्य त्यांनी पाहिलं. वीज गेलेल्या दवाखान्यात एक परिचारिका मोबाईल दातांत धरून टाके घालत होती. तेव्हापासून नवा टॉर्च घ्यायला हात धजत नाही. ते लिहितात, "त्याच संध्याकाळी एका एलईडीचा उजेड किंचित हिरवट आहे की नाही यावर मित्रांशी तासभर वाद घातला होता. त्याची आता लाज वाटते." सगळा संग्रह युद्धात किंवा आपत्तीत अडकलेल्या, छावण्यांत राहणाऱ्या लोकांच्या मदतीला पाठवून छंद कायमचा बंद करावा, असं त्यांच्या मनात आहे. जोडीदाराचं म्हणणं, सगळं विक आणि पैसे दे. मित्रांचं म्हणणं, असला माल कुठल्या तरी गोदामात सडतो. काय द्यावं, कसं पाठवावं आणि हा छंद चालू ठेवणं चूक आहे का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

उत्तर: तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेऊ, कारण पहिल्या दोन प्रश्नांच्या वाटेत तोच आडवा पडला आहे. लाज वाटली म्हणून दिलेलं दान घाईत दिलं जातं. माणूस एका संध्याकाळी खोकं भरतो, हाताला लागेल ते कोंबतो, चिकटपट्टी मारतो आणि मोकळा होतो. खोक्याचं पुढे काय झालं ते त्याला कळायलाही नको असतं. तुमच्या पत्रातल्या 'सगळा संग्रह' आणि 'कायमचा बंद' या शब्दांना तीच घाई आहे. छंदात चूक काही नव्हती. सेलचा व्होल्टेज कसा मोजायचा, चालू दिवा किती तापतो, कुठला टॉर्च जाहिरातीत सांगितलेले तास खरंच चालतो, हे सगळं तुम्हाला छंदानंच शिकवलं. हे ठाऊक नसलेला माणूस मदत म्हणून जे पाठवतो त्यातलं बरंचसं कुचकामी ठरतं. तेव्हा छंदाचा निकाल आत्ताच लावू नका. आणि तो हिरवट उजेडाचा वाद विसरू नका, तो पुढे कामाला येणार आहे.

आता पहिला प्रश्न. 'माझ्याकडचा सगळ्यात चांगला टॉर्च त्यांच्याही सगळ्यात कामाचा' असं तुम्ही गृहीत धरलं आहे, आणि इथेच थोडं थांबायला हवं. छंदी माणसाच्या लेखी चांगला टॉर्च म्हणजे जास्त ल्युमेन (एकूण उजेडाचं माप), लांब झोत, देखणी घडण. छावणीतल्या रात्रीची गरज मोजायची मापं वेगळी आहेत. एका तंबूत पाच-सहा माणसं, शौचालय ऐंशी-शंभर पावलांवर, चार्जिंगची सोय एकाच सामायिक जागी आणि तिथेही रांग. अशा घराला २००० ल्युमेन नको असतात. त्यांना १५-२० ल्युमेन रात्रभर हवे असतात आणि मध्ये पाच मिनिटं १००. मेणबत्तीचा उजेड १२ ल्युमेनच्या आसपास असतो, एवढं ध्यानात ठेवलं की २० ल्युमेन कमी वाटत नाहीत.

हिशेब सोपा आहे. १८६५० मापाचा (१८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब) ३५०० एमएएचचा (मिलिॲम्पिअर-तास, म्हणजे क्षमता) चांगला सेल ३.६ व्होल्टला सुमारे १२.६ वॅट-तास ऊर्जा साठवतो. सर्किटमधली घट धरून एका वॅटला १०० ल्युमेन पडतात असं माना. म्हणजे १०० ल्युमेनवर दहा-बारा तास आणि २० ल्युमेनवर पन्नासेक तास. तोच सेल ३००० ल्युमेनच्या टॉर्चमध्ये घातला तर ३० वॅटच्या वर खेचला जातो, दोन-तीन मिनिटांत धातू हाताला चटका देतो आणि सर्किट स्वतःच उजेड खाली आणतं. खोक्यावर छापलेल्या तासांवरही जाऊ नका. एएनएसआय एफएल-१ या टॉर्चसाठीच्या अमेरिकी मापनपद्धतीत सुरुवातीच्या उजेडाच्या १० टक्के उरेपर्यंतचा सगळा वेळ 'चालण्याचा वेळ' म्हणून धरला जातो. १००० ल्युमेनचा टॉर्च 'पाच तास' चालतो म्हणतात तेव्हा शेवटचे चार तास तो १०० ते १५० ल्युमेनवर असू शकतो. हे तुम्हाला माहीत आहे. ज्यांच्या हाती तो पडणार त्यांना माहीत नसणार.

लांब झोताच्या टॉर्चचं आणखी वेगळं. ६०० मीटर झोत म्हणजे ९०,००० कॅन्डेला (झोताच्या तीव्रतेचं माप: अंतराचा वर्ग भागिले चार). तंबूत तो चुकून कुणाच्या डोळ्यांवर पडला तर त्या माणसाला पुढची दोन-चार मिनिटं काही दिसणार नाही. शोधपथकाला असा टॉर्च सोन्यासारखा, कुटुंबाला तापदायक. ज्या टॉर्चमध्ये लुकलुकणारा प्रकाश पहिल्या-दुसऱ्या क्लिकवरच लागतो, तो तर कुटुंबांसाठीच्या खोक्यात ठेवूच नका.

तेव्हा प्रत्येक टॉर्चची एकच परीक्षा घ्या. टॉर्चशी काहीही देणंघेणं नसलेला माणूस शोधा. तुमचे जोडीदार चालतील, शेजारचं दहा वर्षांचं मूलही चालेल. खोलीत पूर्ण अंधार करा, टॉर्च त्यांच्या हातात द्या, एक शब्दही बोलू नका आणि पाहा. बटण सापडलं का? एका दाबात लागला का? उजेड कमी करता आला का? पुन्हा एका दाबात विझला का? मग चार्जिंगची वायर द्या. खाच सापडली का, रबराचं झाकण उघडता आलं का, चार्ज होतंय हे कशावरून कळलं? यात एकदा जरी तुम्हाला "अहो, तसं नाही, दाबून धरा" असं म्हणावंसं वाटलं तर तो टॉर्च या खोक्यात जाणार नाही. तुम्ही त्या टॉर्चबरोबर जाणार नाही आहात.

या परीक्षेत तुमचे निम्म्याहून अधिक टॉर्च नापास होतील, आणि पहिल्यांदा नापास होतील ते तुमचे सगळ्यात लाडके. अँड्युरिलसारखं, एकाच बटणाच्या वेगवेगळ्या दाबांवर अनेक मोड देणारं सॉफ्टवेअर असलेला टॉर्च छंदी माणसाला खेळणं वाटतो, परक्याला कोडं. अशांतले एक-दोन द्यायचेच असतील तर आधी फॅक्टरी रीसेट करा. अँड्युरिल-२ असेल तर बंद स्थितीत दहा वेळा दाबून तो साध्या मोडवर आणता येतो, आणि वरची मर्यादा मध्यम उजेडावर बांधून ठेवता येते. तरीही माझं मत विचाराल तर असे टॉर्च ठेवा किंवा विका.

मग पास कोण होणार? बहुतेक करून हेडलॅम्प, आणि त्यातही एए सेलवर चालणारे. छंदी मंडळी एएकडे नाक मुरडतात, पण हा सेल जवळपास कुठेही मिळतो आणि चार्जर हरवला तरी दिवा मरत नाही. दोन रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल म्हणजे सुमारे ४.८ वॅट-तास. १०० ल्युमेनवर चारेक तास, २० वर एक-दोन रात्री सहज. एका हेडलॅम्पमागे चार सेल द्या, दोन आत आणि दोन चार्जरवर. अल्कलाइन सेल आत घालून कधीच पाठवू नका. ते गळतात, पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येऊन स्प्रिंगवर पांढरा-निळसर थर चढवतं आणि खोकं पोचेपर्यंत दिवा गेलेला असतो. तुमच्याकडच्या एखाद्या जुन्या हेडलॅम्पमध्ये असा थर दिसला तर कापसाच्या बोळ्यावर थोडं व्हिनेगर घेऊन तो पुसा, मग पाण्यात किंचित भिजवलेल्या फडक्यानं, मग कोरडं करा. स्प्रिंग खरवडून तांब्याचा रंग दिसायला लागला असेल तर ती बदला. आणि १४५०० मापाचे लिथियम सेल एएसारखेच दिसतात पण पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्ट देतात. ते सगळे वेचून बाजूला काढा. नुसत्या एएसाठी बनवलेल्या दिव्यात ते गेले तर सर्किट जळेल.

आतच बॅटरी असलेले, टाइप-सीवर चार्ज होणारे हेडलॅम्पही चांगले. पाठवायलाही सोपे, ते पुढे सांगतो. पण त्यात एक खोड असते. बऱ्याच स्वस्त दिव्यांत टाइप-सीची खाच असते, तिच्यामागे असायला हवेत ते ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर बसवलेले नसतात. असा दिवा एका टोकाला जुनी चौकोनी यूएसबी असलेल्या वायरीनं चार्ज होतो, दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या वायरीनं होत नाही. घेणारा माणूस नवीन चार्जर लावून पाहतो, काही होत नाही आणि दिवा बिघडला म्हणून फेकून देतो. म्हणून प्रत्येक दिवा दोन्ही प्रकारच्या वायरींवर तपासा. एकावरच चालत असेल तर ती वायर दिव्यालाच बांधून द्या. वायरीशिवाय दिवा म्हणजे हत्ती गेला आणि शेपूट राहिलं.

सोलर पॅनलचाही विचार मनात येईल. ५ वॅटचं पॅनल चांगल्या उन्हात प्रत्यक्षात ३ वॅटच्या आसपास देतं. चार-पाच तास ऊन धरलं तर १२ ते १५ वॅट-तास, म्हणजे चार्जिंगमधली घट वजा जाता दिवसाला जेमतेम एक १८६५० भरतो. दोन हेडलॅम्प आणि एका मोबाईलला एक पॅनल हे प्रमाण ओढाताणीचंच आहे. शिवाय ढग आला की काही दिव्यांचं चार्जिंग थांबतं आणि ऊन परत आलं तरी सुरू होत नाही. अंगणात तासभर ठेवून, मधूनमधून हातानं सावली करून हे तपासता येतं.

आता तुमच्या त्या ६० सेलकडे येऊ. इथे मात्र मी कठोर होणार आहे. लॅपटॉपमधून काढलेले तीसच्या तीस सेल या दानातून बाद. ते निकामी आहेत म्हणून नव्हे. तुमच्या हातात, तुमच्या चार्जरवर, तुमच्या नजरेसमोर ते आणखी दोन वर्षं सुखानं चालतील. पण त्यांचा इतिहास कागदावर नाही. लिथियम सेलची वाहतूक करायची तर तो यूएन ३८.३ या संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेल्या सुरक्षा चाचण्यांतून उतरलेला असावा लागतो, आणि १ जानेवारी २०२० पासून या चाचण्यांचा सारांश उत्पादकाला उपलब्ध करून द्यावा लागतो. फोडलेल्या बॅटरीतल्या सेलचा असा कागद तुम्ही कुठून आणणार? त्यातच तंबूत कापडाच्या भिंती आणि झोपलेली मुलं. एक सेल पेटला तर काय होईल ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

उरलेल्या तिसांचीही चाळणी करा. पहिल्यांदा नुसतं बघा. वरचं प्लास्टिकचं आवरण फाटलेलं, टोकाशी सुटलेलं आहे का? १८६५० चा सगळा डबा ऋण असतो आणि वरच्या धन टोकाभोवतीची कडही ऋणच असते. तिथलं आवरण अर्धा मिलिमीटर फाटलं तरी शॉर्ट सर्किट व्हायला तेवढं पुरतं. फाटलेलं असेल तर नवं आवरण आणि पांढरा इन्सुलेटर बसवून सेल स्वतःकडेच ठेवा. पोचा पडलेला, गंजलेला, गोडसर वास येणारा सेल थेट पुनर्वापर केंद्राकडे, टोकांना चिकटपट्टी लावून. मग व्होल्टमीटर घ्या. २.५ व्होल्टच्या खाली गेलेला सेल पुन्हा चार्ज करून देण्याच्या भानगडीत पडू नका. बाकीचे ४.२ पर्यंत भरा, दोन आठवडे कपाटात ठेवा, पुन्हा मोजा. ४.१ च्या खाली घसरलेल्या सेलचा चार्ज आतल्या आत गळतो आहे, तोही बाद. शेवटी क्षमता मोजणाऱ्या चार्जरवर एक फेरी. लिहिलेल्या आकड्याच्या ८० टक्क्यांहून कमी भरला तर बाद. ९९०० एमएएच वगैरे छापलेला एखादा सेल निघाला तर मोजायचीही तसदी घेऊ नका. या मापाच्या सेलमध्ये साधारण ३५०० च्या आसपासच मावतात.

तिसांतले बारा-पंधरा उरले तरी खूप झालं. ते सुटे द्यायचे नाहीत. प्रत्येक सेल कुठल्या टॉर्चमध्ये जाणार हे ठरवून, त्यात घालून, चालवून पाहायचं. संरक्षक सर्किट असलेला सेल ६९-७० मिलिमीटर लांब असतो, नसलेला ६५. एकासाठी बनलेल्या टॉर्चमध्ये दुसरा एक तर बसत नाही, नाही तर संपर्कच होत नाही. एकापुढे एक असे दोन-तीन सेल घालावे लागणारे टॉर्च तर देऊच नका. एक सेल जुना, एक नवा असं झालं की कमजोर सेल उलटा चार्ज व्हायला लागतो आणि फुटतो. तुम्ही जोड्या लावून ठेवता. चौथ्या महिन्यात परक्या हातांत त्या जोड्या टिकत नाहीत.

आता पाठवायचं कसं. इथे सगळ्यात जास्त खोकी अडतात. सुटे लिथियम-आयन सेल कागदोपत्री यूएन ३४८० या वर्गात (धोकादायक मालाला संयुक्त राष्ट्रांनी दिलेला क्रमांक) येतात आणि १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानांतून माल म्हणून ते नेता येत नाहीत. मालवाहू विमानांतून नेतात, पण ३० टक्क्यांहून जास्त चार्ज नसावा ही अट आहे. आंतरराष्ट्रीय हवाई टपालानंही सुटे सेल जात नाहीत. उपकरणाच्या आत बसवलेला सेल मात्र यूएन ३४८१ मध्ये मोडतो आणि त्याचे नियम सौम्य आहेत. म्हणूनच मघाशी आतच बॅटरी असलेल्या दिव्यांना झुकतं माप दिलं. सदोष किंवा खराब झालेल्या सेलना विमानात कुठल्याच नावानं जागा नाही. खोक्यावर 'खेळणी' किंवा 'घरगुती वस्तू' लिहून पाठवण्याचा सल्ला देणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका.

कुणी ओळखीचं माणूस त्या बाजूला निघालं असेल तर सुटे सेल केबिनच्या बॅगेत न्यायचे असतात, चेक-इनमध्ये नाही. प्रत्येक सेल आपापल्या प्लास्टिकच्या डबीत ठेवायचा. १०० वॅट-तासांपर्यंतच्या बॅटऱ्या प्रवाशाला नेता येतात आणि तुमचा सेल १२-१३ चा आहे, तेव्हा आकाराची अडचण नाही. संख्येची मर्यादा एअरलाइनला आधी विचारून घ्या. आणि ज्याच्या बॅगेत ठेवता त्याला बॅगेत काय आहे हे स्पष्ट सांगा, सीमाशुल्क खात्यासमोर तो उभा राहणार आहे.

जमिनीनं जाणार असेल तरी तयारी तीच. सेल ३.६ ते ३.७ व्होल्टवर आणून ठेवा. बाजूच्या इलेक्ट्रॉनिक बटणाचे टॉर्च प्रवासात दाबले जाऊन पेटतात आणि कपड्यांत गुंडाळलेले असतील तर कापड करपवतात. मागचं झाकण पाव फेरा सैल केलं की बहुतेकांचा विद्युतमार्ग तुटतो, पण आटे ॲनोडाइझ केलेले (वीज न वाहू देणारा थर चढवलेले) असतील तरच. आटे नुसते चकचकीत धातूचे असतील तर सैल करूनही टॉर्च लागतो. अशात झाकण आणि सेल यांच्यामध्ये प्लास्टिकची चकती सरकवा. आटे आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, रबरी वायसर बदलून सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. पेट्रोलियम जेली लावू नका, काही प्रकारचं रबर तिनं फुगतं.

आणि ज्यांना या दानातून सरळ बाहेर ठेवायचं ते: बंदुकीवर बसवायचे टॉर्च, लेझर, इन्फ्रारेड, रात्रीच्या दुर्बिणी. युद्धाच्या प्रदेशात यांची गणती लष्करी सामानात होते. मदतसंस्था तटस्थ राहतात म्हणून तर त्यांच्या गाड्यांना दोन्हीकडून वाट मिळते. तुमच्या खोक्यातल्या एका वस्तूमुळे नाक्यावर अख्खा ट्रक अडू शकतो.

आता कुणाला द्यायचे. तुमचे मित्र म्हणतात त्यात तथ्य आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियातल्या आचेमध्ये सुमारे २० लाख लोकांसाठी ४००० टन औषधं येऊन पडली. बहुसंख्य औषधांवरची माहिती तिथल्या लोकांना न कळणाऱ्या भाषेत होती आणि पुढे कित्येक टन नष्ट करण्यावर वेगळा खर्च झाला. पाठवणाऱ्यांत वाईट हेतूचं कुणी नव्हतं. मागितलं काय होतं, ते कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

तुमच्या बाबतीत अडचण अशी की हजार कुटुंबांना वाटप करणाऱ्या संस्थेला ४३ वेगवेगळे टॉर्च म्हणजे डोकेदुखी. तिला एकसारख्या वस्तू हव्या असतात. एका तंबूत झगझगीत टॉर्च आणि शेजारच्या तंबूत काहीच नाही, यातून भांडणं होतात. प्रत्येक टॉर्चची वेगळी सूचना कोण सांगणार? तेव्हा मोठ्या वाटपाचा नाद तुमच्या संग्रहानं करू नये. तुमचा माल थोडा आणि वेगवेगळा आहे. तो थोड्या आणि कामाच्या हातांसाठी योग्य: रात्रपाळीचा लहान दवाखाना, फिरतं वैद्यकीय पथक, रुग्णवाहिका, पुरात बोट चालवणारे स्वयंसेवक, निवारा केंद्राचे रात्रीचे राखणदार. दहा-बारा माणसांचं पथक चार प्रकारचे दिवे शिकून घेतं, दहा हजारांची छावणी नाही. असं पथक दूर देशातच असतं असंही नाही. तुमच्या जवळच्या बचावपथकाला किंवा निवाऱ्याला आधी विचारा, नाही तर काखेत कळसा आणि गावाला वळसा व्हायचा.

विचारताना "माझ्याकडे टॉर्च आहेत, हवेत का?" असं विचारू नका. त्याला भिडेखातर होच म्हणतात. विचारा: रात्री कुठलं काम उजेडाअभावी अडतं? तुमच्याकडे चार्जिंग कशावर होतं? दिवा बिघडला, सेल मेला तर तो कुठे जातो? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर लिथियमचं काही देऊ नका, एएचे दिवे द्या.

दवाखान्याचा विषय निघाला की तुमचा तो हिरवट उजेडाचा वाद कामाला येतो. सीआरआय म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा. थंड निळसर पांढऱ्या, ७० सीआरआयच्या एलईडीत लाल रंग फारच कमी दाखवला जातो. त्यात फिकट पडलेले ओठ, काविळीची पिवळी झाक, नख निळं पडणं हे नीट ओळखू येत नाही आणि ओल्या कापडावर रक्त आहे की आणखी काही, यात गल्लत होते. टाके घालणाऱ्या, बाळंतपण करणाऱ्या माणसाला ९० च्या वर सीआरआय, लाल रंगाचा आर-९ आकडा चांगला, रंगतापमान (उजेड पिवळट की निळसर याचं माप) ४००० केल्विनच्या आसपास, हात मोकळे ठेवणारा हेडलॅम्प आणि १०० ते २०० ल्युमेनचा पसरट, डाग नसलेला उजेड हवा. मदतीचं सामान खरेदी करताना हे कितीजण पाहतात? तुमच्या ११ हेडलॅम्पांतले असे तीन-चार निघाले तर तेच तुमचं सगळ्यात मोलाचं दान. ते वेगळे काढा आणि दवाखान्यालाच मिळतील असं पाहा. त्यांना पट्टे नवे लावा. जुन्या पट्ट्यात घाम मुरलेला असतो आणि तो धुऊनही ढिला राहतो.

दवाखान्याच्या अंधाराचा प्रश्न कुणी मुळातून कसा हाताळला हे पाहायचं असेल तर 'वी केअर सोलर' या संस्थेचं काम पाहा. २००८ मध्ये उत्तर नायजेरियातल्या रुग्णालयात रात्री उजेडाअभावी बाळंतिणींचे हाल होताना प्रसूतितज्ज्ञ लॉरा स्टॅचेल यांनी पाहिलं. त्यांचे पती हॅल ॲरनसन सौरऊर्जेतले जाणकार. त्यांनी पॅनलवर चार्ज होणारी बॅटरी, दिवे आणि मोबाईल चार्जिंग एका पेटीत बसवलं. पेटी बसवणं आणि तिथल्या लोकांना ती वापरायला शिकवणं हाही त्या कामाचा भाग आहे. तुमच्या तीन हेडलॅम्पांना एवढा व्याप नको, पण निदान पाहणाऱ्याला शब्दांशिवाय कळेल असं चित्रांचं एक कार्ड त्यांच्याबरोबर हवं: एक दाब आणि उजेड, खाचेत वायर, लाल दिवा म्हणजे चार्ज होतंय, हिरवा म्हणजे झालं. पोस्टकार्डाच्या आकाराचं, लॅमिनेट केलेलं, पट्ट्याला भोक पाडून बांधलेलं. चार्जिंगच्या खाचेपाशी रंगीत चिकटपट्टीचा एक तुकडा.

जोडीदारांचं म्हणणं उरलं. तेही बऱ्याच अंशी खरं आहे. मर्यादित संख्येत निघालेले, टायटॅनियमचे, तांब्याचे टॉर्च छंदी मंडळींत चांगल्या किमतीला जातात, आणि दवाखान्यात त्यांची किंमत 'जड टॉर्च' एवढीच. असा एक विकून आलेल्या पैशांत एकसारखे कित्येक साधे सोलर कंदील येतात. पाठवणीचा खर्च आणि सीमाशुल्क धरलं तर काही टॉर्चच्या बाबतीत नाकापेक्षा मोती जड होतो. रोख रकमेनं संस्था तिथल्याच बाजारातून हवं ते घेते आणि तिथल्या दुकानदाराचंही चालतं. विकायचं तर छंदी मित्रांमध्ये लिलाव करा, रक्कम कुठल्या संस्थेला जाणार ते आधीच सांगा आणि पावती सगळ्यांना दाखवा. फक्त 'सगळं विकून पैसेच दे' हा नियम करू नका. ९० सीआरआयचा हेडलॅम्प विकून येणाऱ्या पैशांत तसा हेडलॅम्प निवडणारी नजर विकत येत नाही.

तीच नजर आणखी कामाला लावता येईल. जवळच्या बचावपथकाकडे किंवा निवाऱ्याकडे आधीपासून पडून असलेले बंद दिवे असतातच. महिन्यातून एक दुपार व्होल्टमीटर, सोल्डरिंगची कांडी, स्प्रिंगा आणि वायसरांची डबी घेऊन जा. निम्मे दिवे नुसत्या आट्यांच्या सफाईनं लागतील.

सुरुवात या आठवड्यात करा, पण फक्त वर्गवारीपुरती. चार खोकी: देण्यासारखं, विकण्यासारखं, पुनर्वापराला, आणि ठेवायचं. चौथं खोकं ठेवताना संकोच नको. ज्यावर तुम्ही शिकता, मोजता, उघडून बघता असे आठ-दहा टॉर्च तुमच्याकडे राहायलाच हवेत. सेलचे ते दोन आठवडे जाऊ द्या, अंधाऱ्या खोलीतली परीक्षा घ्या, पथकाशी बोला. पहिलं खोकं दीड महिन्यानं निघालं आणि त्यात सहाच दिवे असले तरी चालेल.

तो हिरवट उजेडाचा टॉर्च मात्र कुणालाही देऊ नका. जिना उतरायला तो ठीक आहे.